पुराची गाळमाती टोमॅटोच्या कुंडीत भरू नका

पाऊस उघडला की कोल्हापुरातल्या बागप्रेमींच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं म्हणणं असं: कुंडीतल्या टोमॅटोला विकतचं काही लागत नाही. पंचगंगेकाठची काळी गाळमाती निम्मी, शेणखत निम्मं, तळाला खडीचा थर, वर अंड्याची टरफलं, आठवड्याला केळीच्या सालीचं पाणी आणि झाड पिवळं पडलं तर मूठभर युरिया. माणसं हौसेनं हे सगळं करतात, रोपं मान टाकतात आणि ‘आमच्या हाताला टोमॅटो लागत नाही’ म्हणून नाद सोडतात. हाताचा काही दोष नसतो, हे मला ठासून सांगायचं आहे.

‘ज्या मातीत ऊस येतो, तिच्यात टोमॅटो का येणार नाही?’ हा त्या मेसेजमधला बिनतोड वाटणारा सवाल. शिवारात येतोच की! पण शिवारात वरच्या फूटभर मातीखाली आणखी कितीतरी फूट माती असते, ती पाणी खाली ओढून घेते. कुंडीत फूटभर मातीखाली एक भोक आणि खाली फरशी. गाळातल्या चिकणमातीचे कण इतके बारीक, की तेवढ्याशा उंचीत ते पाणी सोडतच नाहीत. तळाचे काही इंच कायम गच्च ओले, तिथं हवा नाही, मग मुळ्या कुजतात.

उन्हात याच्या उलट. काळी माती सुकली की आक्रसते. राजारामपुरीतल्या एका गच्चीवर परवा अशी कुंडी पाहिली. कडेनं माती सुटून करंगळी जाईल एवढी फट पडली होती. वहिनींनी तांब्याभर पाणी ओतलं, ते फटीतून थेट खालच्या बशीत उतरलं. बशी भरली म्हणजे झाडाला पाणी पोचलं, असं त्यांना वाटत होतं. खुरप्यानं मधली माती उकरली, तर आत कोरडं ठणठणीत ढेकूळ. रोज पाणी मिळूनही ते झाड तहानलेलं होतं.

2019 आणि 2021 च्या महापुरात घरादारात शिरलेल्या पाण्यात काय काय मिसळलं होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तसल्या पुरानं टाकलेला गाळ खायच्या भाजीला मी तरी घालणार नाही. आणि माती वांगी, मिरची किंवा टोमॅटोच्या वावरातली असेल तर उभं झाड सुकवणारा मर रोग फुकटात घरी येतो.

खडीनं निचरा होतो, हा समज तर फार जुना. बारीक माती पूर्ण भिजून ओथंबल्याशिवाय पाणी खालच्या मोकळ्या खडीत उतरत नाही. म्हणजे ओला थर तळाऐवजी खडीच्या वर बसतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. ओला स्पंज आडवा धरा, थेंब थांबू द्या, मग उभा करा. आणखी पाणी गळेल. कुंडीचंही तसंच आहे, मातीची उंची जास्त तर निचरा चांगला. खडी काढा, तिथं मातीच भरा.

मग भरायचं काय? पन्हाळा, शाहूवाडीकडची तांबडी माती एक भाग, मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, दोन-तीनदा धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग आणि भाताचं तूस अर्धा भाग. आजरा, चंदगडकडच्या भातगिरण्यांत तूस ढिगानं पडलेलं असतं; मिश्रण पोकळ ठेवायला इतकी स्वस्त वस्तू दुसरी नाही. एका झाडाला निदान 15 ते 20 लिटरची कुंडी हवी. रंगाची रिकामी बादली तळाला भोकं पाडून चालते.

शेणखताबद्दल मेसेज निम्मा बरोबर आहे. पण ते मुरलेलं हवं: काळपट, भुसभुशीत, वास नसलेलं. ताज्या शेणानं मुळ्या भाजतात, मुळ्या खाणारी हुमणी अळीही येते.

अंड्याची टरफलं म्हणजे चुनखडीच. आपल्या काळ्या मातीत ती मुळातच असते आणि अशा मातीत टरफल वर्षानुवर्षं विरघळत नाही. फळाचं बूड काळं पडू नये म्हणून कॅल्शियमसाठी ती घालतात, पण बूड काळं पडतं ते बहुतेकदा पाणी आज भरपूर, उद्या नाही, अशा धरसोडीमुळे. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं, त्यामुळे पाण्यात खंड पडला की ते फळापर्यंत पोचत नाही. केळीच्या सालीत पालाश (पोटॅशियम) असतं, पण त्या पाण्यात नत्र (नायट्रोजन) नावापुरतं आणि चिलटं भरपूर. सालं कंपोस्टमध्ये टाका.

युरियाचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. युरियात 46 टक्के नत्र. मूठभर म्हणजे साधारण 30-40 ग्रॅम धरला, तर 14 ते 18 ग्रॅम नत्र झालं. शेतात एका झाडाला अख्ख्या हंगामात मिळतं, जवळपास तेवढं किंवा जास्तच, आणि तुम्ही ते बादलीभर मातीत एका दमात ओतता. मुळ्या करपतात, झाड वाचलंच तर नुसता पाला माजतो, फुलं येत नाहीत.

कुंडीतलं खत प्रत्येक पाण्याबरोबर खाली वाहून जातं, म्हणून थोडं थोडं आणि वरचेवर द्यावं लागतं. रोप लागलं की दर आठवड्याला 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरभर पाण्याला 1 ते 2 ग्रॅम; हे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश यांचे टक्के. फुलं दिसली की पालाश जास्त असलेलं 13:0:45 त्याच मापात. कुठल्याही कृषी सेवा केंद्रात किलोची पुडी मिळते. आधी साधं पाणी द्या, मग खताचं. कॅल्शियम नायट्रेट द्यायचं असेल तर वेगळ्या दिवशी द्या. स्फुरद किंवा सल्फेट असलेल्या खतात ते मिसळलं की साका होऊन तळाशी बसतो आणि दोन्ही वाया जातात.