खरखर आली की "पूर्ण सेट बदला"? पुरे झालं आता!

व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या, अॅम्प्लिफायरमधून कसलाही आवाज येऊ दे. खरखर असो, घुमघुम असो, शिट्टी असो, नाहीतर एक बाजू बारीक झालेली असो, दुरुस्तीवाल्याचं उत्तर ठरलेलं: "व्हॉल्व्ह गेले, पूर्ण सेट बदला." मीटर लावायचा नाही, झाकण उघडायचं नाही, धड कान देऊन ऐकायचंसुद्धा नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

अरे, आपण गोव्यात राहतो. पावसाळ्यात इथे चपलांवर बुरशी चढते, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो. या हवेत आधी काय बिघडणार? काचेत निर्वात बंद केलेला व्हॉल्व्ह, की उघड्यावर असलेल्या पिना आणि सॉकेट? केसरबाई केरकरांची जुनी रेकॉर्ड लावून बसावं आणि ऐन तानेत डावीकडून चर्रर्र व्हावं, असं आषाढात सुरू झालं म्हणून मी अॅम्प दुरुस्तीला दिला. चार ईएल३४ (स्पीकरला जोर देणारे मोठे व्हॉल्व्ह), तीन ईसीसी८३ (त्याआधी बारीक सिग्नल वाढवणारे छोटे), सगळेच्या सगळे बदलले. बिल घसघशीत, कारण नवे व्हॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया नाहीतर चीनमधून येतात. घरी आणला आणि आठवड्याभरात पुन्हा तीच खरखर, त्याच बाजूला, नव्याकोऱ्या व्हॉल्व्हवर!

शेवटी डाव्या बाजूचा ईसीसी८३ मीच उपसला. सॉकेटच्या पाकळ्यांवर हिरवट थर, दोन पाकळ्या सैल. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, बारीक ब्रशने घासलं, पाकळ्या सुईने किंचित आवळल्या. खरखर गेली. एवढंच काम होतं! (हे मी प्लग काढून आणि कंडेन्सर रिकामे झाल्याचं मीटरवर बघून केलं. आत चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही साठून राहतात. सराव नसेल त्याने हात घालू नये.)

डावा व्हॉल्व्ह उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून बघायला किती वेळ लागतो? अॅम्प बंद करा, गार होऊ द्या, अदलाबदल करा. आवाज व्हॉल्व्हबरोबर सरकला तर व्हॉल्व्ह वाईट. जागेवरच राहिला तर दोष अॅम्पमध्ये. दोन्ही बाजूंना सारखीच घुमघुम असेल तर आधी फिल्टरचे (वीजपुरवठा स्थिर करणारे) कंडेन्सर तपासा. एवढंही न करता पैसे कसले मागता?

आणि ते "दरवर्षी बदलायचेच असतात" कुठून आलं? रोज दोन तास ऐकलं तर वर्षाचे ७३० तास होतात. बरा चालवलेला ईएल३४ साधारण दीड-दोन हजार तास सहज काढतो, ईसीसी८३ तर बऱ्याचदा दहा हजार. म्हणजे छोटा व्हॉल्व्ह दहा-बारा वर्षं हलवायचीही गरज नाही!

व्हॉल्व्ह खरंच संपतो तेव्हा तो सांगतो. आवाजातला जोर जातो, खर्ज ढिला पडतो, बायस (व्हॉल्व्हमधून किती करंट जावा ते ठरवणारं सेटिंग) पुरता फिरवला तरी करंट ठरल्या आकड्याला येत नाही. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडला तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह टाकून द्या. छोट्या व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकं टकटक केल्यावर स्पीकरमधून टणटण आली तर तोही बदला. काचेवर निळसर झाक दिसली म्हणून मात्र घाबरवू नका, ती निरोगी व्हॉल्व्हलाही असते. आणि प्लेट (व्हॉल्व्हच्या आतला धातूचा पत्रा) तापून लाल झाली तर नवा व्हॉल्व्ह खुपसण्याआधी ग्रिडचा (करंट आवरणाऱ्या जाळीचा) कंडेन्सर गळतोय का ते बघा. नाहीतर नवाही तसाच लाल होऊन मरणार आणि पुन्हा तुम्हीच म्हणणार, "हल्लीचा माल बोगस."

विजेचं तर कोणी नावच काढत नाही. ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टचा आणि रात्री लाइन २५० वर, की हीटरचे (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेचे) ६.३ व्होल्ट ७.१ च्या पुढे जातात. व्हॉल्व्हचं आयुष्य तिथे जळतं. पण एकानेही मला विचारलं नाही की तुमच्याकडे व्होल्टेज किती असतं.

बायस लावला का, म्हणून मी विचारलं, तर म्हणे "सेट मॅच्ड आहे, गरज नाही." मॅच्ड म्हणजे व्हॉल्व्ह एकमेकांशी जुळलेले, माझ्या अॅम्पशी नव्हे! फिक्स्ड बायसच्या, म्हणजे हा करंट हाताने जुळवावा लागतो अशा, अॅम्पमध्ये नवे ईएल३४ लावले की बायस लावावाच लागतो.

सगळ्यात जास्त चीड कशाची, तर जुने व्हॉल्व्ह परत दिलेच नाहीत. त्यात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ईसीसी८३ होते, चंदेरी डाग आरशासारखा लख्ख. मागितले तर म्हणे, "कचऱ्यात गेले, साहेब." कोणाला विचारून? गाडीचा साधा ब्रेक पॅड बदलला तरी मेकॅनिक जुना हातात ठेवतो. माझे व्हॉल्व्ह माझे होते. चांगले असोत की मेलेले, ते माझ्या हातात यायला हवे होते, आणि कुठला कशामुळे काढला हे बिलावर लिहून मिळायला हवं होतं.