गुणवान गुरुजी व्हायचंय?

गुरुजी, सगळ्यात आधी घाबरणं सोडा. लेकरांना किती मार्क पडले यावरून मास्तरचा पगार, बढती आणि बदली ठरवा, अशी मागणी अधूनमधून उठते आणि तुमच्या पोटात गोळा येतो. येऊ देऊ नका. ही पद्धत लेकरांच्या भल्याची आहे का, हा प्रश्न वेगळा. पण हुशार मास्तरच्या भल्याची नक्की आहे. तुम्हाला चांगलं शिकवता आलं पाहिजे, अशी यात कुठंच अट नाही. गाव नीट निवडता आलं आणि लेकरं नीट निवडता आली की झालं. शिकवण्याचं काय ते वेळ उरला तर बघू.

सुरुवात गावापासून. बदलीच्या पोर्टलवर पसंतीक्रम भरताना जमेल तेवढं लातूर शहराकडं सरका. लातूर पॅटर्नमागं मेहनत आहे, नाही कोण म्हणतंय? सराव परीक्षांवर सराव परीक्षा घेतात, रात्री उशिरापर्यंत शंका सोडवतात. पण मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतली, दहावीला नव्वदीच्या पुढं गेलेली पोरं बापानं रान गहाण टाकून तिथं आणून सोडलेली असतात, हेही आहेच. अशा पोरांपुढं उभं राहून तुम्ही नुसते खोकलात तरी निकाल चांगला लागतो.

मात्र चुकूनही बीड जिल्ह्यातल्या वडवणी, धारूर, शिरूर कासार या ऊसतोड मजुरांच्या पट्ट्यात जाऊ नका. तिथं दसरा झाला की गाव रिकामं व्हायला लागतं. मुकादमाकडून ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ट्रॅक्टर येऊन उभा राहतो, त्यात भांडी, सरपण, कोंबड्या आणि तुमचा अर्धा वर्ग चढतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. धाकट्याला सांभाळायला थोरली पोरगी लागते आणि ती थोरली तुमच्या सहावीत असते. जाताना तिची आई शाळेच्या दारात येऊन म्हणते, “सर, पोरीचं नाव कमी करू नका बरं. पाडव्यापतुर येतोत आमी.”

इथं भल्याभल्यांचा पाय घसरतो. जुन्या वळणाचा मास्तर काय करतो? तो आजीला गाठतो, पोरीला मागं ठेवा म्हणून दोन दिवस विनवतो, हंगामी वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव घालतो, संध्याकाळचं जेवण तिला मिळतंय का ते बघायला सायकल हाणत जातो. नाहीच ऐकलं तर शिक्षण हमी पत्रक लिहून देतो, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत तरी तिला बसवून घेतील. भाबडा माणूस! पोरगी मागं राहिली तर परीक्षेला बसणार, आणि आई-बापाविना हंगाम काढलेल्या लेकराला किती पडणार? गेली तर त्याहून वाईट. साखर कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, मार्च-एप्रिलात, म्हणजे नेमका वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. पाच महिने पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहून, पहाटे चूल पेटवून, भावाला कडेवर घेऊन हिंडलेली पोरगी पेपरच्या आधी आठ दिवस वर्गात येऊन बसते आणि तिचे गुण तुमच्या नावावर चढतात.

ती डोकं रिकामं घेऊन येत नाही, हे खरं. उसाच्या फडावर वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या शेकड्याच्या भावानं विकून पैसे मोजून आईच्या हातात तीच ठेवते. खेपेला किती टन भरला, उचलीतले किती फिटले, किती अंगावर राहिले, हे बापाच्या आधी तिला कळतं. पण पेपरात शेकडेवारीचं उदाहरण शहरातल्या कुठल्याशा दुकानातल्या सवलतीचं असतं, आणि तेवढी जागा ती कोरी सोडते. फडावरच्या हिशोबाला रकाना नाही. तेव्हा तुम्ही असं करा: दसऱ्याला ट्रॅक्टरकडं बघून हात हलवा, आणि जून उजाडायच्या आत दाखला तयार ठेवा. वर्गाची सरासरी तिथल्या तिथं वर सरकते. शिकवून ती तेवढी वर न्यायला तुमची दोन वर्षं गेली असती.

तुम्ही म्हणाल, लातूरच्या आणि वडवणीच्या मास्तरला एकच माप कसं? असले प्रश्न सेवेत असताना विचारू नयेत. 23 ऑक्टोबर 2017 चा शासन निर्णय आठवा. 12 वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनंतरची निवडश्रेणी हवी असेल तर प्राथमिक शाळा प्रगत आणि शाळासिद्धी या शाळांच्या मूल्यमापनात ‘अ’ श्रेणीत पाहिजे, माध्यमिकचा नववी-दहावीचा निकाल 80 टक्क्यांच्या वर पाहिजे, असं त्यात होतं. संघटनांनी ओरड केली, पुढं अट सैल झाली, पण त्यामागचा विचार सैल झालेला नाही. तो दर नव्या साहेबाबरोबर ताजा होऊन येतो. 80 म्हणजे 80. त्यात ट्रॅक्टरचा उल्लेख नव्हता.

शेजारच्या शेतकऱ्याचं बघा. पीकविम्यासाठी महसूल मंडळात पीक कापणी प्रयोग होतो आणि आलेलं उत्पन्न त्याच मंडळाच्या मागच्या वर्षांवरून काढलेल्या उंबरठा उत्पन्नाशी ताडून बघतात. बालाघाटाच्या मुरमाड रानातलं सोयाबीन गोदाकाठच्या काळ्या रानाशी कुणी लावून बघत नाही. विमा कंपनीबद्दल मराठवाड्यात कुणी चांगलं बोललेलं मी अजून ऐकलेलं नाही. तरी तिलासुद्धा एवढं कळतं.

यावर एखादा शहाणा म्हणेल, मग नुसते गुण नका मोजू, वाढ मोजा. लेकरू जूनमध्ये कुठं होतं आणि एप्रिलमध्ये कुठं पोचलं ते बघा. म्हणू द्या. यातही तुमची सोय आहे. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी येते, तिच्या दिवशी वर्गात फार लक्ष घालू नका. प्रश्न वाचून दाखवू नका, पंखा बंद पडला असेल तर पडू द्या. पोरं जेवढी गाळात दिसतील तेवढं बरं. पुढं संकलित चाचणीला मात्र शेवटच्या बाकापर्यंत जातीनं फिरा. मधल्या महिन्यांत काही घडलं नाही तरी आलेख डोंगरासारखा चढतो आणि आसपासच्या शाळांच्या केंद्र परिषदेत तुमचं सादरीकरण ठेवलं जातं. ज्या बिचाऱ्यानं सुरुवातीलाच प्रामाणिकपणे चाचणी घेतली, किंवा ज्याच्या वर्गातली पोरं आधीपासूनच पुढं होती, त्याची वाढ दिसत नाही. त्याला नोटीस.

वाढ मोजायचा खेळ अमेरिकेनं पोटभर खेळून झालाय. गणिती सूत्रं लावून कोणत्या मास्तरनं लेकरात किती भर घातली याचे आकडे काढले. लॉस एंजेलिस टाइम्सनं 2010 मध्ये सहा हजारांच्या आसपास शिक्षकांचे आकडे नावानिशी छापले. 2012 मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या शिक्षकांचे बाहेर आले. ह्यूस्टनमध्ये तर सूत्र खासगी कंपनीचं गुपित होतं. शिक्षक कोर्टात गेले, की आमचा आकडा बरोबर की चूक ते आम्हाला तपासताच येत नाही. हा आक्षेप उडवून लावायला न्यायालयानं 2017 मध्ये नकार दिला, आणि तिथल्या शाळा प्रशासनानं तडजोड केली. त्याआधीच, 2014 मध्ये, अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेनं निवेदन काढलं होतं: लेकरालेकरांच्या गुणांत जो फरक दिसतो, त्यातला 1 ते 14 टक्के शिक्षकाच्या वाट्याचा असल्याचं बहुतेक अभ्यास सांगतात. उरलेला घर, गाव, शाळेची व्यवस्था असा कुठंकुठं पसरलेला. 2015 च्या डिसेंबरात नवा कायदा आला आणि तिथल्या केंद्र सरकारनं या आग्रहातून अंग काढून घेतलं. म्हणजे आता आपल्याकडं यायला हरकत नाही. परदेशात टाकून दिलेली योजना आपल्या कार्यशाळेत ‘नवोपक्रम’ होते, हा अनुभव तुम्हाला आहेच.

तशी मूळ कल्पना आणखी जुनी. इंग्लंडात 1862 पासून शाळांचं अनुदान इन्स्पेक्टरनं घेतलेल्या परीक्षेवर बांधलं होतं: वाचन, लेखन, अंकगणित, ज्याचे जेवढे पास तेवढे पैसे. मास्तरांनी काय केलं असेल? वाचनाचं पुस्तकच पोरांकडून तोंडपाठ करून घेतलं. आपण त्या काळी निजामाच्या राज्यात होतो, म्हणून ही विद्या आपल्याकडं उशिरा पोचली, पण आपण कसर भरून काढली.

आता थोडं नाजूक. अटलांटात मास्तरांनी लेकरांच्या उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडरबरानं पुसून बरोबर भरली. 2011 च्या चौकशी अहवालात 178 जणांवर ठपका आला आणि 2015 मध्ये 11 जण दोषी ठरले. एवढा खोडरबर आपल्याकडं लागत नाही. आपल्याकडं खिडकी असते, खिडकीबाहेर मामा असतो, मामाच्या खिशात गाईड असतं. आजवर निदान एक बरं होतं: भरारी पथक येऊन जाईपर्यंत तरी पर्यवेक्षक मामाला हाकलत होता. उद्या त्याच पर्यवेक्षकाची वेतनश्रेणी निकालावर लटकली, की कुंपणच शेतात उतरेल आणि कॉपीमुक्त अभियानाची शपथ सर्वात मोठ्या आवाजात तेच कुंपण म्हणेल. तुम्ही शपथेला पहिल्या रांगेत उभे राहा. फोटो पाठवायचा असतो.

निकाल वाढवण्याचा याहून सभ्य मार्ग हवा असेल तर बोर्डाकडं बघा. राज्याचा दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता. पुढच्या वर्षी भाषेचे शाळेच्या हातातले 20 गुण गेले, पेपरचं स्वरूप बदललं आणि निकाल 77.10 वर आला. त्याच्या पुढच्या वर्षी ते 20 गुण परत आले, कोरोनामुळं भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि निकाल 95.30! मास्तर तेच, फळा तोच, गावात वीज जायची वेळही तीच. 2019 चे नालायक शिक्षक बारा महिन्यांत राज्याचं भूषण झाले आणि त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. 2021 मध्ये तर शाळा बंद, परीक्षाच नाही, आणि निकाल 99.95 टक्के. गुणांवरून मास्तर मोजायचा असेल तर महाराष्ट्राच्या इतिहासात सर्वोत्तम अध्यापन कोणत्या वर्षी झालं, हे मी सांगायची गरज नाही.

एक धोका तेवढा टाळा. कुणी आंध्र प्रदेशातल्या प्रयोगाचं नाव काढलं तर विषय बदला. तिथं 2005 पासून काही गावांतल्या शिक्षकांना लेकरांच्या प्रगतीवर बोनस दिला आणि दोन वर्षांत गणित-भाषेचे गुण खरोखर वाढले. पण तिथं लेकरू आधी कुठं होतं ते धरलं होतं, चाचण्या बाहेरच्या लोकांनी घेतल्या होत्या, बोनस लहान होता आणि कमी पडलेल्याला कुणी शिक्षा केली नव्हती. एवढा खटाटोप आपल्याला परवडायचा नाही. आपल्याला एक आकडा द्या, लाल की हिरवा तेवढं सांगा, आणि आज पाचच्या आत लिंक भरा.

आणि हो, प्लॉटिंगवाल्या मास्तरची काळजी करू नका. प्रत्येक तालुक्यात एखादा असतो: सकाळी सही, दुपारी सातबारा, वर्गावर पाच हजारांत ठेवलेली गावातली पदवीधर पोरगी. लोकांना राग येतो तो याचाच, आणि गुणांवरून मास्तर मोजा असं लोक म्हणतात तेही याच्यामुळंच. राग खोटा नाही. पण हा गडी मोठ्या गावात, रस्त्याकडेच्या शाळेत असतो. तिथली लेकरं संध्याकाळी ट्यूशनला जातात, पदवीधर पोरगीही मन लावून शिकवते, आणि हा हिरव्या रकान्यात येतो. त्याला पकडायचं तर कुणीतरी न सांगता जाऊन वर्गात मागच्या बाकावर तासभर बसलं पाहिजे. ते काम आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखाचं. पण अनेक केंद्रांत ते पद रिकामं, आणि जिथं भरलेलं तिथं केंद्रप्रमुख बसलेत संगणकापुढं, तुमचे गुण वर पाठवत.

शेवटी त्या सहावीतल्या पोरीचं राहिलं. दाखला द्यायचं तुमच्या जिवावर आलंच, तर एक पळवाट आहे. एप्रिलमध्ये शेवटचा पेपर होतो, गुण पोर्टलवर चढतात, आणि 1 मेला निकाल वाचून होईपर्यंत मध्ये थोडे दिवस उरतात. त्या दिवसांत तिला जवळ बसवून पेंढ्यांच्या हिशोबावरून शेकडेवारी शिकवली तरी तुमचं काही बिघडत नाही. तिला आलं तरी तुमचा आकडा वाढणार नाही, नाही आलं तरी घटणार नाही. फक्त दार लोटून घ्या. केंद्रप्रमुख अचानक आले तर म्हणतील, गुरुजी, परीक्षा झाल्यावर कशाला शिकवताय?