दुसऱ्याच कायद्याच्या शेपटीला बांधलेली दुरुस्ती

नागरिकशास्त्रात विधेयकाची तीन वाचनं आपण सगळ्यांनीच पाठ केली. मग दुसरं सभागृह, मग राष्ट्रपतींची सही. चार मार्क हमखास. त्यात चूक काही नाही, फक्त माणसं कुठेच नाहीत. कायदा मागतं कोण, अडवतं कोण, त्यातलं एखादं वाक्य गुपचूप उडवतं कोण, यातलं काही त्या धड्यात नव्हतं. हे बघायचं असेल तर माहिती अधिकाराच्या कायद्याचा प्रवास बघा.

त्याची सुरुवात दिल्लीत झालीच नाही. नव्वदच्या दशकात राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेचे लोक गावागावांत जनसुनवाई घ्यायचे. सरकारी कामांची मस्टरं, म्हणजे मजुरांची हजेरीपत्रकं, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली जायची. कामावर कधी न गेलेल्यांची नावं, न झालेल्या कामांचे पैसे, सगळं बाहेर यायचं. आता ती मस्टरं मिळवायची कशी, यावरून १९९६ साली ब्यावरमध्ये चाळीस दिवस धरणं झालं. १९९७ मध्ये तमिळनाडू आणि आपल्या शेजारच्या गोव्याने स्वतःचे कायदे केले. महाराष्ट्राचा सुधारित कायदा २००२ चा. राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी तो रखडला होता आणि २००३ च्या ऑगस्टमध्ये अण्णा हजारे आझाद मैदानावर उपोषणाला बसल्यावर ती मंजुरी आली.

केंद्रातही तेव्हा एक कायदा झाला होता, माहिती स्वातंत्र्य कायदा, २००२. दोन्ही सभागृहांत मंजूर, राष्ट्रपतींची सही झालेली. तरी तो एक दिवसही लागू झाला नाही. का? तर तो कधीपासून लागू होईल हे सरकारने अधिसूचना काढून ठरवायचं होतं आणि ती अधिसूचना निघालीच नाही. १९९५ च्या दिल्ली भाडे कायद्याचंही हेच झालं. तिथे व्यापारी भाडेकरूंचा विरोध होता. म्हणजे संसदेने केलेला कायदा नुसता टेबलावर ठेवूनही मारता येतो. हे तीन वाचनांच्या पुढचं चौथं वाचन समजा, आणि ते सभागृहात होत नाही.

२००४ मध्ये सरकार बदललं. नव्या आघाडीच्या किमान समान कार्यक्रमात माहिती अधिकाराचं आश्वासन होतं. सरकारला सल्ला देण्यासाठी नेमलेल्या राष्ट्रीय सल्लागार परिषदेने मसुदा दिला. या परिषदेत मजदूर किसान शक्ती संघटनेच्या संस्थापकांपैकी एक, अरुणा रॉय होत्या, म्हणजे राजस्थानातलं आंदोलन थेट मसुद्याच्या टेबलापर्यंत पोचलं होतं. पण डिसेंबर २००४ मध्ये लोकसभेत विधेयक आलं तेव्हा ते वाटेत बरंच सुकलेलं होतं. फक्त केंद्र सरकारपुरतं, राज्यं बाहेर. माहिती दडवणाऱ्या अधिकाऱ्याच्या दंडाची तरतूदही पातळ केलेली. मंत्रालयाच्या खोल्यांमधून फिरताना मसुद्याचं काय होतं, याचा हा नमुना.

ते वाचलं ते सगळ्या पक्षांच्या खासदारांच्या स्थायी समितीमुळे. समितीसमोर कार्यकर्ते गेले, निवेदनं दिली, कलमावर कलम वाद घातला. समितीच्या खोलीत कॅमेरे नसतात, त्यामुळे खासदारांना ओरडून दाखवायचं नसतं. पक्षादेशही (व्हिप) तिथे चालत नाही. सभागृहात मात्र १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप निघाला की खासदाराच्या मताला फारसा अर्थ उरत नाही. मार्च २००५ मध्ये समितीचा अहवाल आला, राज्यं पुन्हा आत आली, दंड परत आला. शंभराहून अधिक दुरुस्त्यांसह ११ मे रोजी लोकसभेने आणि १२ मे रोजी राज्यसभेने विधेयक मंजूर केलं. दोन दिवसांत काम झालं असं दिसतं, पण त्यामागे समितीतली मेहनत होती. १२ ऑक्टोबर २००५ पासून दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत आपल्या हातात आली.

त्यानंतर हा कायदा मागे खेचायचे प्रयत्न सगळ्याच रंगांच्या सरकारांनी केले, हे आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये ‘तेव्हा कुठे होतात’ सुरू होईल. २००६ मध्ये फाइलवरच्या टिपण्या वगळायचा निर्णय मनमोहन सिंग मंत्रिमंडळानेच घेतला होता, ओरड झाल्यावर बारगळला. २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना या कायद्याखाली आणलं, तर दोन महिन्यांत पक्षांना वगळणारं विधेयक आलं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष इथे कसे छान एकत्र होते! पण ते विधेयक स्थायी समितीकडे गेलं, रेंगाळलं आणि लोकसभेची मुदत संपल्यावर व्यपगत झालं, म्हणजे आपोआप बाद झालं. समिती म्हणजे वेळकाढूपणा, असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं. कधीकधी वेळ काढणं हेच काम असतं.

२०१९ ची दुरुस्ती बघा. माहिती आयुक्तांची मुदत आणि पगार आधी कायद्यातच पक्के होते, ते ठरवायचा अधिकार केंद्राकडे गेला. १९ जुलैला विधेयक मांडलं, २५ जुलैला राज्यसभेतूनही पार. प्रवर समितीकडे, म्हणजे त्या एका विधेयकापुरत्या नेमायच्या खासदारांच्या समितीकडे, पाठवायची मागणी फेटाळली गेली. २०२३ मध्ये तर माहिती अधिकाराचं विधेयक आणायचीही गरज पडली नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या शेवटी, कलम ४४ च्या तिसऱ्या पोटकलमात, माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदललं गेलं. ३ ऑगस्टला मांडलं, ७ ला लोकसभेत आवाजी मतदान, ९ ला राज्यसभा. मणिपूरमधल्या हिंसाचारावरून गदारोळ चालू होता, कोणाचं लक्ष असणार?

जुन्या कलमात वैयक्तिक माहिती नाकारायला अटी होत्या. तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसला किंवा ती दिल्याने कुणाच्या खाजगीपणावर विनाकारण घाला येणार असला, तरच नकार, आणि त्यातही मोठं जनहित असेल तर द्यायचीच. शिवाय एक परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट होती, माझ्या मते पूर्ण कायद्यातलं सर्वात सुंदर वाक्य. संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीलाही नाकारता येणार नाही. ते उडालं, आणि उडवलं संसदेनेच. आता फक्त ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच उरलं.

सरकार म्हणतं कलम ८(२) मधला जनहिताचा अपवाद शाबूत आहे. आहे, खरं आहे. खाजगीपणाचा हक्कही खरा आहे, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी तो मूलभूत ठरवलाय. पण आमच्या भागातल्या एका रस्त्याची देयकं मागितली तेव्हा ‘वैयक्तिक माहिती, देता येत नाही’ असं एका ओळीचं उत्तर मला जुन्या कलमाखालीही मिळालं होतं. तेव्हा अपिलात भांडायला त्याच कलमात जागा होती. ती बुजली, हे दुखणं आहे.

आणि हे एकाच कायद्यापुरतं नाही. पंधराव्या लोकसभेत साधारण ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत १६ टक्के. मसुदा तीस दिवस लोकांसमोर ठेवायचं सरकारी धोरण २०१४ पासून आहे, पण ते पाळलंच पाहिजे असं बंधन कुठेच नाही.

माझी मागणी साधी आहे. वित्त विधेयकं आणि खरोखरची आणीबाणी सोडली तर प्रत्येक विधेयक समितीकडे जाणं सभागृहांच्या नियमांतच सक्तीचं करा. एका कायद्याच्या पोटात दुसरा मोठा कायदा बदलायचा असेल तर त्यावर स्वतंत्र चर्चा आणि मतविभाजन, म्हणजे प्रत्येक खासदाराचं मत नोंदवणारं मतदान, घ्या. आणि आपण काय करायचं, असं विचाराल तर आपला खासदार कोणत्या स्थायी समितीवर आहे आणि तिच्या किती बैठकांना हजर होता, एवढं आधी शोधून काढा. भाषणांच्या क्लिपा त्याची टीम तुम्हाला न मागता पाठवतेच.