‘चेंबर कापा, गोळी झाडा, पुंगळी आपोआप घडते’: हा दावा कुठे फसतो

इम्प्रूव्हड (मूळ पुंगळीच्या भिंती सरळ करून आतली जागा वाढवलेल्या) आणि वाइल्डकॅट (कारखान्याऐवजी हौशी कारागिरांनी घडवलेल्या) काडतुसांचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो. तो थोडक्यात असा: जुन्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतूस बसण्याच्या पोकळीत, रीमर (ती कापणारे हत्यार) फिरवून ते मोठे करून घ्यावे आणि त्यात कारखान्यात भरलेले मूळ काडतूस झाडावे, स्फोटाच्या उष्णतेने पितळ मऊ होऊन पुंगळी (काडतुसाचे पितळी कवच) नव्या आकारात बसते, तिच्या सरळ भिंती चेंबरला घट्ट धरतात, त्यामुळे बोल्टवर (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यावर) भार येत नाही आणि हेडस्पेसची (बोल्टच्या तोंडापासून पुंगळी जिथे अडते तिथपर्यंतच्या अंतराची) चिंता उरत नाही, शिवाय गोळीचा वेग फुकट वाढतो. यातील प्रत्येक विधानात खऱ्याचा थोडा अंश आहे, आणि म्हणूनच हा दावा सहज पटतो.

नुसता रीमर फिरवला की काम झाले, हे काठ असलेल्या काडतुसांपुरते बरेचसे खरे आहे. .३०-३० किंवा .२२ हॉर्नेटची पुंगळी बुडाच्या काठावर अडते, त्यामुळे खांदा (पुंगळी मानेकडे निमुळती होते तो भाग) पुढे कुठे आहे याने तिच्या बैठकीत फरक पडत नाही. .३०-०६ सारख्या बिनकाठाच्या पुंगळीला मात्र खांद्याखेरीज दुसरा आधार नाही. तिचा खांदा साडेसतरा अंशांचा, तर अ‍ॅकली इम्प्रूव्हड (अमेरिकी बंदूक-कारागीर पी. ओ. अ‍ॅकली यांच्या पद्धतीच्या) चेंबरचा ४० अंशांचा असतो. म्हणजे मूळ काडतूस नव्या चेंबरमध्ये घातल्यावर ते मान (गोळी धरणारा पुढचा अरुंद भाग) आणि खांदा जिथे मिळतात त्या अरुंद कड्यावरच टेकते. हा टेकू पक्का राहावा म्हणून जाणकार कारागीर नळी एक आटा मागे घेतो आणि हेडस्पेस मूळ मापापेक्षा सुमारे ०.००४ इंच कमी ठेवून चेंबर नव्याने कापतो. अशा चेंबरवर मूळ काडतुसाचे ‘गो’ गेज (हेडस्पेसचे किमान माप तपासणारा ठोकळा) घातले तर बोल्ट मिटता कामा नये, आणि मूळ काडतूस घातले तर तो किंचित जोर लावून मिटला पाहिजे. नळी मागे न घेता नुसता रीमर चालवला, तर हा टेकूच नाहीसा होतो.

टेकू नसला तर काय होते, हे त्या दाव्यातील ‘भिंती धरून ठेवतात’ या वाक्यावरूनच कळते. फायरिंग पिनच्या धक्क्याने काडतूस पुढे सरकते. दाब चढू लागताच पुंगळीच्या पुढच्या पातळ भिंती फुगून चेंबरला चिकटतात. बुडाकडचा भाग जाड असल्यामुळे तो चिकटत नाही आणि बोल्टच्या तोंडावर आदळेपर्यंत मागे रेटला जातो. पुढचा भाग जखडलेला आणि बूड मागे जाणारे, अशा स्थितीत मधले पितळ ताणले जाते. ज्या पकडीचे एवढे कौतुक होते, तीच पकड इथे पुंगळी तोडायला निघते. अशी झाडलेली पुंगळी उभी चिरून पाहिली, तर बुडाच्या थोडे पुढे आतल्या बाजूने एक बारीक खाच गोलाकार फिरलेली दिसते. न चिरताही, टोक वाकवलेली तार आतून ओढली की ती त्या जागी अडकते. पुढच्या एखाद्या बाराला बूड तिथेच तुटून वेगळे होऊ शकते.

पकडीच्या या समजुतीचा उगम बहुधा पी. ओ. अ‍ॅकली यांच्याच प्रयोगात आहे. त्यांनी विंचेस्टर ९४ रायफलीचा लॉकिंग लग (बोल्टला जागी अडकवणारा भाग) काढून .३०-३० इम्प्रूव्हड काडतुसे झाडून दाखवली होती. प्रयोग खरा आहे, पण तो तुलनेने कमी दाबाच्या, काठ असलेल्या काडतुसावरचा आहे. .३०-०६ चा कमाल दाब चौरस इंचाला ६०,००० पौंड असतो. पुंगळीचा आतला व्यास ०.४ इंच धरला, तरी बुडावर सुमारे साडेसात हजार पौंडांचा रेटा येतो. बुडाजवळची पितळी भिंत त्यातला काही भाग तोलते. उरलेला बोल्टच्या लगांनाच सोसावा लागतो. ‘पुंगळीला तेल लावा, म्हणजे ताण पडणार नाही’ असा सल्लाही याच ओघात दिला जातो. त्याने पकड सुटते खरी, पण तो सगळा रेटा बोल्टवर जातो.

उष्णतेबद्दलचे विधान तर नावानेच जन्माला घातलेले आहे. ‘फायर-फॉर्मिंग’मध्ये आग असली तरी काम दाब करतो. तप्त वायूचा स्पर्श काही सहस्रांश सेकंद टिकतो. तेवढ्यात ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेले हे पितळ मऊ पडत नाही. ते थंडच फुगते, आणि थंड फुगलेले पितळ अधिक कडक होते. म्हणूनच जुन्या, अनेकदा भरलेल्या पुंगळ्यांचे खांदे घडताना फाटतात आणि मान-खांदा आधीच अ‍ॅनील करून (तापवून मऊ करून) घेतला की नुकसान कमी होते. बुडाला मात्र ती आच कधीही लागू द्यायची नसते. खांदा भरायला लागणारे पितळ पुंगळीतूनच येते, त्यामुळे घडलेली पुंगळी लांबीला थोडी आखूड भरते.

खांदा पुढे सरकवलेल्या गिब्स मालिकेतील वाइल्डकॅटांना हा दावा मुळीच लागू होत नाही, कारण तिथे मूळ काडतुसाला टेकायला जागाच नसते. त्यासाठी मान आधी मोठ्या कॅलिबरपर्यंत रुंदावतात आणि मग डायने (पुंगळी दाबून आकार देणाऱ्या साच्याने) थोडी थोडी बारीक करत, बोल्ट जेमतेम मिटेल अशा ठिकाणी एक खोटा खांदा ठेवतात.

राहिला वेग. समान दाबाला धारकता (पुंगळीत दारू मावण्याची जागा) जितके टक्के वाढते, त्याच्या सुमारे एक चतुर्थांश टक्केच वेग वाढतो, असा ठोकताळा आहे. धारकता ८ टक्के वाढली, तर सेकंदाला २,८०० फुटांचा वेग २,८५६ वर जातो. उताराच्या भिंतींच्या .२५० सॅव्हेजला इम्प्रूव्हड रूप दिल्यास लाभ जास्त, .३०-०६ ला बेताचा. शंभर-दोनशे फुटांच्या ज्या बढाया मारल्या जातात, त्यांतला बराच भाग दाब वाढवून मिळवलेला असतो. सरळ भिंतीच्या पुंगळीत बोल्ट जड उचलला जाण्याची खूण उशिरा दिसते, त्यामुळे तो वाढलेला दाब झाडणाऱ्याला वेळेवर कळतही नाही.