कमानी म्हणजे रोमचा पाणीपुरवठा नव्हे

‘असॅसिन्स क्रीड: ब्रदरहूड’ या 2010 च्या गेममध्ये 1500 च्या सुमाराचं रोम आहे. त्यातल्या जलवाहिनीच्या भग्न, उंच कमानी लांबूनच ओळखू येतात आणि गेमचा नायक एझिओ याला घेऊन त्यांवर चढण्यात खरी मजा आहे. पण त्यांच्या चित्रांसोबत एक दावा सर्रास फिरतो: रोमचं सगळं पाणी अशा कमानींवरून यायचं, 537 मध्ये गॉथ या जर्मेनिक लोकांनी त्या तोडल्यावर शहर हजार वर्षं कोरडं राहिलं, आणि शिशाच्या नळांनी आधीच साम्राज्य पोखरलं होतं. यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी कमानी. अक्वा मार्सिया ही जलवाहिनी सुमारे 91 किलोमीटर लांब होती आणि त्यातले जवळपास 80 किलोमीटर जमिनीखालून जात. पाणी निव्वळ उतारावर वाहायचं. शहराजवळच्या सखल मैदानात पातळी खाली जाऊ नये म्हणून तेवढ्यापुरत्या कमानी उभारल्या. खरी कमाल उताराच्या मोजमापात आहे. फ्रान्समधल्या नीमची जलवाहिनी घ्या: सुमारे 50 किलोमीटरांत पाणी उतरतं जेमतेम 12-13 मीटर, म्हणजे किलोमीटरला वीतभर! लोक याच जलवाहिनीचा पाँ द्यू गार हा तीन मजली पूल बघून परततात. त्या उताराबद्दल कुणी बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

537 च्या वेढ्यात गॉथांनी जलवाहिन्या तोडल्या, हे खरं. शत्रू आत शिरू नये म्हणून रोम राखणारा बायझंटाइन सेनापती बेलिसारियस याने त्यांची तोंडं बुजवली, हेही खरं; आदल्याच वर्षी त्याच्या सैनिकांनी अशाच वाटेने नेपल्समध्ये प्रवेश मिळवला होता. पण आठव्या शतकात पोप एड्रियन पहिला याने काही जलवाहिन्या दुरुस्त करवल्या. सम्राट ऑगस्टसचा सहकारी अग्रिप्पा याने बांधलेली, इ.स.पू. 19 मधली अक्वा विर्गो ही जलवाहिनी तर बहुतांश भूमिगत. 1453 मध्ये पोप निकोलस पाचवा याने तिची डागडुजी केली. म्हणजे एझिओच्या काळात रोममध्ये तिचं पाणी येत होतं, भले सगळ्या शहराला पुरेसं नसेल. ट्रेवी कारंजाचा उगमही याच जलवाहिनीत.

राहिलं शिसं. मुख्य पाट दगडी आणि चुन्याच्या गिलाव्याचे. शिशाचे नळ मुख्यतः शहरातल्या वाटपासाठी. पाणी सतत वाहतं असायचं आणि त्यातल्या चुन्याचा थर नळांना आतून चढायचा. 2014 च्या एका अभ्यासात रोमच्या नळाच्या पाण्यात स्थानिक झऱ्यांच्या शंभरपट शिसं असावं असं दिसलं. हा आकडा लोक हिरिरीने सांगतात. तेवढ्याने आरोग्याला मोठा धोका नसावा, हा त्याच संशोधकांचा निष्कर्ष मात्र गाळतात.