रोमची भाकरी आफ्रिकेत होती
पश्चिम रोमन साम्राज्य कसं कोसळलं, यावरच्या लेखात सगळं वजन ४७६ सालावर टाकलंय, ते पटलं नाही. जर्मानिक सेनानी ओडोएकरने पोरसवदा सम्राट रोम्युलस ऑगस्टुलसला गादीवरून उतरवलं, तेव्हा पश्चिमेच्या तिजोरीत उरलं होतंच काय? वर्मी घाव बसला तो ४३९ मध्ये. व्हँडल या जर्मानिक टोळीचा राजा गायसेरिक याने आफ्रिकेतलं कार्थेज शहर घेतलं आणि उत्तर आफ्रिकेचा गहू, तेल, शेतसारा सगळंच हातचं गेलं. सारा नाही तर पगार नाही, मग फौज कुठून उभी राहणार? ४६८ मध्ये आफ्रिका परत मिळवायला रोमनांचं केवढं तरी मोठं आरमार निघालं. कार्थेजजवळच्या केप बॉन या भूशिरापाशी वारा फिरला, गायसेरिकने पेटती जहाजं रोमन आरमारावर सोडली आणि दाटीवाटीने उभी असलेली गलबतं एकामागून एक पेटत गेली. तो प्रसंग वाचताना अजूनही जीव तुटतो. लेखात आफ्रिकेचं नावही नाही, याचं फार वाईट वाटलं.