केअरटेकर ब्युरो काढताय? ट्रेनिंगचं टेन्शन नको

मुलं अमेरिकेत, आईबाबा कोथरूडात, आणि मधे तुम्ही. धंदा मस्त आहे, काढाच. फक्त हल्ली लोक विचारायला लागलेत, बाई ट्रेन्ड आहे का म्हणून. गेल्या महिन्यात एका ब्युरोने मला जे काही शिकवलंय त्यातून टिप्स देते, फुकट.

ट्रेनिंग अर्ध्या दिवसात उरका. डायपर बदलणं, बीपीचं मशीन, नळीतून फीड, मग चहा, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट. लॅमिनेशन मात्र चांगलं करा, क्लायंट तेच बघतो.

छळ हा शब्द तिथे चुकूनही काढू नका. उगाच मुलींना कळायचं की आजोबांचे हात ओढणीने कॉटला बांधणं हाही छळ, रात्री कटकट नको म्हणून झोपेची गोळी जास्त देणं हाही, सारखं बाथरूमला न्यावं लागतं म्हणून संध्याकाळनंतर पाणीच न देणं हाही. मग नाइटला जाणार कोण?

पोलिस व्हेरिफिकेशन कायम 'प्रोसेसमध्ये' ठेवा.

घरचेच आजींची पेन्शन परस्पर काढत असतील, जेवण आपटून देत असतील, तर तिकडे बघायचंच नाही. बिल तेच भरतात ना.

आता तक्रार आली तर काय करायचं. आमच्या आत्याच्या दंडावर डाग दिसले, एका बाजूला ओळीत चार आणि मागे एक. ब्युरोच्या मालकांना फोन केला तर म्हणे पडल्या असतील. मी म्हटलं पडून बोटं उमटतात का? मग म्हणे ताई, या वयात स्किन नाजूक असते. मग म्हणे डिमेन्शियाचा पेशंट, त्यांच्या बोलण्यावर कितपत जायचं. अहो पण ती काही बोललीच नाहीये! तोच तर प्रॉब्लेम आहे, रात्रीची बाई खोलीत आली की आत्या बोलायची थांबते आणि गाऊनची नाडी बोटाला गुंडाळत बसते, आणि हे दिवसपाळीच्या मावशींना केव्हाचं दिसत होतं, त्या मला जिन्यात गाठून म्हणाल्या, ताई, सांगणार कोणाला, ऑफिसात बोललं की ड्यूटी काढून घेतात. म्हणजे जिला दिसलं तिलाच पुढे काय करायचं ते कुणी शिकवलेलं नाही. डाग कुठे, कधी दिसला, पेशंट काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहायचं, तारीख-वेळ टाकायची, उलटतपासणी घ्यायची नाही, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, आणि त्याच दिवशी वर कळवायचं. किती वेळ लागतो हो हे शिकवायला? पण 'वर' ऐकणारं कुणीतरी पाहिजे ना! मालक म्हणाले, बदली बाई पाठवतो, विषय संपवा. आणि आधीची? ती औंधला लागली, दुसऱ्या आजींकडे.

15 जूनला ज्येष्ठांच्या छळाविरुद्ध जागृतीचा दिवस असतो. स्टेटस ठेवायला विसरू नका.

बास झालं आता. बारा-बारा तास बायकांना राबवता, पगारातून कमिशन कापता, सुट्टी मागितली की तोंड वाकडं करता, आणि काही झालं की म्हणता बाईच वाईट निघाली. शिकवलं काय होतं तिला? चिडचिड झाली की खोलीबाहेर जा, मला फोन कर, एवढं तरी सांगितलंत?

आणि फॅमिलीवाल्यांनो, चार ब्युरोंना फोन लावून सगळ्यात स्वस्त बाई शोधणारे आपणच. कॅमेरा लावला की झालं? बाथरूममध्ये कुठला कॅमेरा? बाई नसताना आईशी बोला, दंड बघा, पाठ बघा, टाचा बघा. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, नंबर फ्रिजवर लावा आणि मावशींनाही द्या.

औंधचा पत्ता मागितला तर मालक म्हणाले, सॉरी ताई, क्लायंटची प्रायव्हसी. कसली प्रायव्हसी? माझ्याशी गोड बोलत बसू नका, त्या घरी फोन करा. आज करा.